एमआरआयमध्ये मणक्याजवळ सिस्ट निघाली तर

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला जातो. रिपोर्टात एल-४-एल-५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी थोडी बाहेर आलेली असते. चाळिशीनंतर ती पुष्कळांची असते. आणि अगदी शेवटी एक ओळ येते: 'एस-२ पातळीवर १६ मि.मी.ची पेरिन्यूरल सिस्ट, क्लिनिकल कोरिलेशन करावे.' सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, आणि एस-२ म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाची दुसरी पातळी. इथून पुढे दोन टोकं गाठली जातात. एखादे डॉक्टर म्हणतात, सोडून द्या, ही कुणालाही असते. घरचे मात्र रात्रभर मोबाइलवर वाचून ठरवून टाकतात की सगळ्या दुखण्याचं मूळ हेच. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. सिस्ट दिसणं वेगळं आणि सिस्ट दुखणं वेगळं. या दोहोंची सांगड बसते का हे पाहणं म्हणजेच ते कोरिलेशन. ते रेडिओलॉजिस्ट करू शकत नाही, कारण त्याच्यासमोर फक्त चित्र असतं. ते पेशंटनं आणि न्यूरोसर्जननं मिळून करायचं काम आहे.

आधी घाई किती आहे ते बघा

लघवी तुंबली, किंवा न कळत गळू लागली. शौचाचा ताबा गेला. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झाला. पाय दिवसागणिक अशक्त होऊ लागले, चालताना पाऊल घसटायला लागलं. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. इंदूरात एमवाय (महाराजा यशवंतराव हॉस्पिटल) आहे, मोठी खासगी हॉस्पिटलंही आहेत. 'सोमवारी ओपीडीत दाखवू' हे अशा वेळी चालत नाही. दबलेल्या नसा लवकर मोकळ्या केल्या नाहीत तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट आपल्या देशात विसरून चालणारच नाही. मणक्याजवळ पाण्यासारखं काही दिसलं, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर आधी टीबी वगळा. टीबीत बहुधा शेजारचे दोन मणके आणि मधली गादी खराब झालेली दिसते, आणि कॉन्ट्रास्ट (फोटो उठून दिसावा म्हणून टोचायचं औषध) दिल्यावर पुवाच्या कडा उजळतात. साध्या सिस्टची कड उजळत नाही आणि आतलं पाणी प्रत्येक फोटोत मणक्यातल्या पाण्यासारखंच दिसतं. रिपोर्टात 'सर्व सीक्वेन्समध्ये सीएसएफसारखा सिग्नल, एनहान्समेंट नाही' असं, म्हणजे नेमकं हेच (सीएसएफ हे मणक्यातलं पाणी, एनहान्समेंट म्हणजे उजळणं), लिहिलं असेल तर मोठी धास्ती तिथेच संपते.

सिस्ट कोणत्या जातीची

नुसतं 'सिस्ट' म्हटल्यानं काहीच ठरत नाही. ती नेमकी कुठे आहे आणि पेशंटचं वय काय, यावरून अर्धं निदान होतं.

त्रिकास्थीत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडात, एस-२, एस-३च्या नसेवर असेल तर ती बहुतेक वेळा टारलोव सिस्ट असते. रिपोर्टातली 'पेरिन्यूरल सिस्ट' ती हीच. मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये आयसाडोर टारलोव यांनी १९३८ साली शवविच्छेदनांतून तिचं वर्णन केलं. नसेचं मागचं मूळ आणि तिची नैसर्गिक गाठ (गँग्लियन) यांच्या सांध्यावर, नसेच्या दोन आवरणांच्या मध्ये पाणी साठून ती होते. तिच्या भिंतीतून नसेचे धागे जातात. उपचाराचा सगळा पेच या एका गोष्टीत आहे: ही सिस्ट कापून काढून टाकता येत नाही, कारण भिंत कापली की नस कापली. बायकांमध्ये ती जास्त दिसते. कंबरदुखीच्या शंभर एमआरआयमध्ये सुमारे पाचांत ती सापडते आणि त्यातल्या फार थोड्यांनाच तिचा खरा त्रास असतो.

१९८८ साली नेबर्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेली वर्गवारी सर्जन आजही वापरतात. त्यातला ड्युरा म्हणजे मज्जारज्जू आणि नसांभोवतीचं जाड आवरण, अ‍ॅराक्नॉइड म्हणजे त्याच्या आतला पातळ पडदा. पहिल्या प्रकारात ड्युराबाहेरची पण नसेचे धागे नसलेली सिस्ट येते: '१-ए' म्हणजे ड्युराबाहेरची अ‍ॅराक्नॉइड सिस्ट, '१-बी' म्हणजे त्रिकास्थीतला मेनिंगोसील, म्हणजे आवरणाचीच फुगून आलेली पिशवी. दुसरा प्रकार धागे असलेल्यांचा, त्यात टारलोव येते. तिसरा ड्युराच्या आतल्या अ‍ॅराक्नॉइड सिस्टचा. आपल्या डॉक्टरांना 'नेबर्स टाइप कोणता?' एवढं विचारलं तरी पुढचं बोलणं सोपं होतं, कारण ऑपरेशनची पद्धत त्यावर ठरते.

साठीच्या पुढे, एल-४-एल-५च्या मागच्या छोट्या सांध्याला चिकटलेली असेल तर ती सायनोव्हियल सिस्ट, सांधा झिजल्याची खूण. शाळकरी किंवा कॉलेजच्या वयात पाठीच्या मधल्या भागात मागच्या बाजूनं मज्जारज्जू दाबणारी लांबट सिस्ट दिसली तर अ‍ॅराक्नॉइडचा विचार करतात. विशीच्या आत मणक्याचा मागचा भाग फुगलेला आणि एमआरआयमध्ये आत 'फ्लुइड-फ्लुइड लेव्हल' म्हणजे थरांत बसलेलं रक्त असेल तर अ‍ॅन्युरिस्मल बोन सिस्ट. लहान मुलाच्या कंबरेवर केसांचा झुपका किंवा बारीक छिद्र असेल तर आत डर्मॉइड, म्हणजे त्वचेच्या पेशींची सिस्ट, असू शकते. त्या छिद्रात काडी घालून बघू नये, मेंदूज्वराचा धोका असतो.

दुखणं आणि सिस्ट जुळतात का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

ओपीडीत नुसतं 'कमर में दर्द है' सांगितलं की डिस्कच्या, म्हणजे गादीच्या, दिशेनंच तपास सुरू होतो. उभं राहून एका बोटानं जागा दाखवा. पट्ट्याच्या वर दुखतं की खाली? मधोमध की एका बाजूला? मग दुखणं कुठवर जातं ते दाखवा. नसांचा नकाशा ढोबळमानानं असा: एस-१ पोटरीतून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपर्यंत, एस-२ मांडीच्या मागून, एस-३ ढुंगणाच्या आतल्या भागात आणि जननेंद्रियांकडे, एस-४, एस-५ गुदद्वाराभोवती. समजा डिस्क उजव्या एस-१ नसेवर आहे, सिस्ट डाव्या एस-३वर, आणि कळ जाते उजव्या पोटरीतून करंगळीत. तर उपचार डिस्कचा, सिस्टला हात लावायचा नाही. याच माणसाची तक्रार डाव्या ढुंगणात आत आग होते, जननेंद्रियाच्या डाव्या बाजूला मुंग्या येतात अशी असती, तर सिस्टवरचा संशय रास्त होता.

जागेबरोबर दुखण्याची चाल बघा. टारलोव दुखते तेव्हा बसल्यावर, उभं राहिल्यावर, खोकल्यावर, कुंथल्यावर वाढते आणि आडवं पडल्यावर उतरते. कारण साधं आहे: उभ्या शरीरात मणक्यातल्या पाण्याचा दाब खालच्या टोकाला वाढतो, सिस्टच्या अरुंद तोंडातून पाणी आत शिरतं पण तितक्या सहज परत येत नाही. एक आठवडा वहीत लिहा: कडक खुर्चीवर किती मिनिटांनी दुखायला लागलं, पडल्यावर किती मिनिटांत उतरलं, शौचाला जोर लावल्यावर काय झालं. डॉक्टरांना ही वही 'खूप दुखतं' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

याच भागात दुखणारी इतर कारणंही आहेत. बसून किंवा पुढे वाकून आराम वाटत असेल तर कॅनाल, म्हणजे मणक्यातली नसांची वाट, अरुंद झाल्याची शक्यता मोठी. माकडहाड दाबल्यावर नेमकं तिथेच आणि खुर्चीतून उठताना दुखत असेल तर ते माकडहाडाचंच दुखणं. बसल्यावर त्रास, पण कमोडवर बसल्यावर नाही, आणि रात्री झोपमोड होत नाही, हे प्युडेंडल नसेकडे, म्हणजे जननेंद्रियं आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसेकडे, बोट दाखवतं. कंबरेच्या खळीच्या जागी एकाच बाजूला असेल तर एसआय सांधा, म्हणजे त्रिकास्थी आणि कटीचं हाड जोडणारा. बायकांमध्ये पाळीच्या दिवसांत वाढत असेल तर एंडोमेट्रिओसिस तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि दोन्ही पावलांची जळजळ असेल तर एचबीएवनसी आणि बी-१२ या दोन तपासण्या आधी. मधुमेह घरोघरी आहे, शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरताही.

आकारालाही अर्थ आहे, पण बेताचा. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठ्या सिस्ट जास्त वेळा दुखऱ्या निघतात. रिपोर्टात 'स्कॅलपिंग' असेल तर सिस्टनं हाड पोखरलं आहे, म्हणजे दाब बराच काळ आहे. तरीही तीन सेंटिमीटरची सिस्ट घेऊन आयुष्यभर मजेत फिरणारे लोक असतात.

तपासण्या नीट मागा

नेहमीचा 'एलएस स्पाइन' एमआरआय डिस्कसाठी आखलेला असतो. त्याचे आडवे काप बहुधा एल-५-एस-१पाशी संपतात, त्रिकास्थी फक्त उभ्या फोटोंत, तीही काठावर दिसते. अशा फोटोवरून सिस्ट कोणत्या नसेची हे सांगता येत नाही. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर 'एमआरआय सेक्रम' लिहून घ्या: एस-१पासून माकडहाडापर्यंत, टी-१ आणि टी-२ (हे मणके नव्हेत, एमआरआयच्या फोटोंचे दोन प्रकार), उभे, आडवे आणि त्रिकास्थीच्या उताराला समांतर कोरोनल ऑब्लिक काप, जाडी ३ मि.मी.च्या आसपास. टारलोवसाठी कॉन्ट्रास्ट लागत नाही. गाठ किंवा जंतुसंसर्ग वगळायचा असेल तर लागतो, आणि तेव्हा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट बरोबर न्या. फिल्मबरोबर सीडी मागून घ्याच. दुसऱ्या गावच्या सर्जनला फिल्मच्या फोटोवरून काही मोजता येत नाही.

सीटी मायलोग्राम सगळ्यांना लागत नाही. कंबरेतून कॉन्ट्रास्ट टाकून लगेच आणि काही तासांनी पुन्हा सीटी काढतात. टारलोव उशिरा भरते. चटकन भरणाऱ्या पिशवीचं तोंड रुंद असतं. ही माहिती पुढे सुईचा उपचार करायचा की नाही यासाठी कामाची. ड्युराबाहेरच्या अ‍ॅराक्नॉइड सिस्टमध्ये ड्युराला भोक नेमकं कुठे आहे हेही याने सापडू शकतं.

लघवीची तक्रार असो वा नसो, एकदा युरोफ्लोमेट्री (लघवीच्या धारेचा वेग मोजणं) आणि लघवी केल्यावर लगेच सोनोग्राफी करून घ्या. मागे १००-१५० मि.लि.च्या वर राहत असेल तर लक्ष ठेवावं लागतं. २००च्या वर असेल तर युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशयाच्या दाबाची) आणि उपचाराचा वेग वाढवणं आलं. घरी तीन दिवस मापाच्या मगात मोजून वेळ आणि प्रमाण लिहिलं तर उत्तम.

टारलोवचे उपचार, पायरीपायरीनं

त्रास नसेल तर काहीच करायचं नाही. दरवर्षी एमआरआय काढण्याचीही गरज नाही; एकदा एक वर्षानं काढून आकार तोच आहे हे पाहिलं की पुरे. पुढे कधी सिझेरियन, हर्निया किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला हा रिपोर्ट आठवणीनं दाखवा. कंबरेत सुई द्यायची की नाही, हे त्यांना आधी ठरवता येतं.

त्रास असेल तर पहिले तीन महिने औषधं आणि सवयी. नसेच्या दुखण्यावर प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन देतात. वयस्करांना प्रिगॅबालिन २५ ते ५० मिलिग्रॅम रात्री इतक्या कमी डोसानं सुरू करून हळूहळू वाढवतात, किडनी कमजोर असेल तर त्याहून जपून. झापड आणि पायांवर सूज येऊ शकते. आपण होऊन एकदम बंद करू नये. इथे एक चूक वारंवार होते. लघवी आधीच रेंगाळत असलेल्या पेशंटला नसेच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन लिहिलं जातं, किंवा 'वारंवार लागते' म्हणून ऑक्सिब्युटिनिन, आणि लघवी तुंबते. ट्रॅमाडॉलनं बद्धकोष्ठ होतं, मग कुंथावं लागतं आणि सिस्टवर दाब वाढतो. म्हणून मागे किती लघवी राहते ते या गोळ्यांआधी मोजावं, आणि पोट साफ ठेवण्यासाठी इसबगोल, पाणी, लागल्यास लॅक्टुलोज सुरुवातीपासूनच घ्यावं. रोज सकाळी पोहे-जिलेबी आणि वर शेव असा नाश्ता असेल तर त्यात एक फळ तरी घालावं. काही डॉक्टर पाण्याचा दाब उतरवायला अ‍ॅसिटाझोलामाइड देऊन बघतात. त्याचा पुरावा तुटपुंजा आहे, बोटांना मुंग्या येतात, मुतखडा होऊन गेलेल्यांनी आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी सांगावं.

बसण्यासाठी मागच्या बाजूला खाच असलेली उशी घ्या, मधे भोक असलेली गोल नको. ऑफिसात दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. वजन उचलून कुंथण्याचे व्यायाम, ट्रॅक्शन आणि कडकड वाजवून 'हाड बसवणारे' यांपासून दूर राहा. सिस्ट कोणत्या जातीची हे ठरलेलं नसताना हाड बसवून घेणं तर थेट धोक्याचं, कारण आत पोखरलेला मणका असू शकतो.

पुढची पायरी सीटीच्या मदतीनं सुई. पेशंट पालथा, जागा बधिर करून सिस्टमध्ये सहसा दोन सुया घालतात: एकीतून पाणी काढतात, दुसरी हवा आत यायला मोकळी, म्हणजे पोकळीत दाब उलटा होत नाही. नुसतं पाणी काढलं तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा भरतं. तरीही त्याचा निदानासाठी मोठा उपयोग होतो: पाणी काढल्यावर दुखणं साफ उतरलं आणि भरल्यावर परत आलं, तर गुन्हेगार सापडला. काहीच फरक पडला नाही तर ऑपरेशनचा विचार तिथेच थांबवलेला बरा. पोकळी परत भरू नये म्हणून फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनापासूनचा गोंद) सोडतात. त्याआधी थोडा कॉन्ट्रास्ट टाकून बघणं आवश्यक; तो झटकन ड्युराच्या मुख्य पिशवीत पळाला तर ग्लू सोडायचा नाही, कारण ग्लू तिकडे गेला की जंतूंशिवायचा मेंदूज्वर होतो: ताप, डोकेदुखी, मान आखडणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्टेंट असेल तर आपल्या मनानं एकही गोळी चुकवू नका.

ऑपरेशन शेवटी. त्रिकास्थीचं मागचं हाड काढून मायक्रोस्कोपखाली सिस्ट उघडतात, पाणी काढतात, धागे जपत भिंत दुमडून बारीक टाके घालतात आणि उरलेल्या पोकळीत चरबी किंवा स्नायूचा तुकडा व ग्लू भरतात. गुदद्वाराच्या स्नायूंचं नर्व्ह मॉनिटरिंग चालू असलं पाहिजे. हॉस्पिटल ठरवण्याआधी हा प्रश्न विचाराच. '१-बी' मेनिंगोसीलमध्ये तोंडातून नस जात नसेल तर तोंड बांधून टाकता येतं, टारलोवमध्ये नाही. सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे जखमेतून पाणी झिरपणं. म्हणून काही दिवस सपाट झोपवून ठेवतात. ड्रेसिंग स्वच्छ पाण्यानं ओलं होत असेल, किंवा बसल्यावर डोकं फाटतं आणि पडल्यावर थांबतं, तर लगेच कळवा. दुखणं बरंच कमी होऊ शकतं, पण वर्षानुवर्षं दबलेल्या नसेची बधिरता आणि लघवीची तक्रार हळू सुधारते, कधी अर्धवटच.

बाकीच्या सिस्ट

सायनोव्हियल सिस्टमध्ये वाट बघायला जागा आहे, काही आपोआप विरतात. त्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन सिस्ट फोडण्याचा प्रयत्न करतात. जमलं नाही, पाय अशक्त होत असेल तर काढून टाकतात; मणका सरकलेला असेल तर स्क्रू-रॉड घालण्याचा प्रश्न येतो. त्याआधी उभं राहून, पुढे आणि मागे वाकून काढलेले साधे एक्सरे लागतात. अ‍ॅराक्नॉइड सिस्ट मज्जारज्जू दाबत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. ड्युराबाहेरच्या सिस्टमध्ये ड्युरातलं भोक शोधून शिवणं हा खरा उपचार. नुसती पिशवी रिकामी केली तर परत भरते. अ‍ॅन्युरिस्मल बोन सिस्टला आधी रक्तवाहिन्या बंद करून मग खरवडतात, कारण ती रक्तानं भरलेली असते.

हायडॅटिड मात्र वेगळी सांगायला हवी. कुत्र्यांच्या विष्ठेतल्या फीतकृमीच्या अंड्यांपासून ती होते. मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्या घरांत, शेतावर कुत्र्यांत वावरणाऱ्यांत दिसते. यकृतात आणि फुप्फुसात नेहमीची, मणक्यात दुर्मीळ. मणक्याच्या हाडात द्राक्षांच्या घोसासारख्या अनेक छोट्या सिस्ट दिसल्या तर सुई घालण्याआधी पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्सरे आणि रक्तातली अँटिबॉडी तपासा. रक्त निगेटिव्ह आलं म्हणून हायडॅटिड नाही असं होत नाही. ती फुटली की आतलं पाणी अंगात पसरून जीवघेणी अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि पिल्लं सगळीकडे रुजतात. सर्जन ती अखंड काढायचा प्रयत्न करतात आणि जागा तीव्र मिठाच्या पाण्यानं धुतात, पण ड्युरा उघडलेली असेल तर ते पाणी आत जाऊ देत नाहीत. सोबत अल्बेंडाझोल, किलोमागे रोज १० ते १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबरच. रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. हाडातल्या हायडॅटिडला महिनोन्महिने घ्यावं लागतं, आणि त्या काळात यकृताच्या तपासण्या व पांढऱ्या पेशी ठरलेल्या अंतरानं बघाव्या लागतात. गरोदरपणात ते देत नाहीत.

इंदूरातून बाहेर जाताना

टारलोवची ऑपरेशनं नियमित करणारे सर्जन थोडे. दुसरं मत भोपाळ एम्सचं किंवा मुंबईचं घ्यायचं असेल तर आधी सीडी, आठवड्याची वही आणि लघवीचे रिपोर्ट पाठवून, येणं खरंच आवश्यक आहे का ते विचारा. मुंबईला बसनं बसून जाण्यापेक्षा अवंतिका एक्स्प्रेसचा खालचा बर्थ घ्या, रात्रभर आडवं राहता येतं. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत भरतीचे उपचार मिळतात, पण भरतीआधीच्या फक्त ३ दिवसांचा आणि डिस्चार्जनंतर १५ दिवसांचा खर्च त्यात धरतात. महिनाभर आधी ओपीडीत काढलेला एमआरआय खिशातूनच जातो. कार्ड वापरायचं असेल तर हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर आपल्या ऑपरेशनचं पॅकेज तिथे चालू आहे का, आणि नर्व्ह मॉनिटरिंग व ग्लू त्यात धरलेले आहेत का, हे भरती होण्याआधी लेखी विचारून घ्या.